गुलाबी कमळ ताटलीवर कसे उतरते?

चिनी मातीचा भारी डिनर सेट घेताना दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "धुऊन धुऊन ही नक्षी जाईल का हो?" दुकानदार "बिनधास्त वापरा" म्हणतो. मग वर्षा-दोन वर्षांत सोनेरी काठ पुसट होतो, आणि त्याच ताटलीतली निळी वेल मात्र पहिल्या दिवसासारखी टवटवीत राहते. भांडे एक, धुणारे हात तेच, साबणही तोच. मग एक नक्षी का गेली आणि दुसरी का राहिली?

याचे उत्तर शोधायला आपण वाराणसीला जाऊ. चिनी मातीसाठी हे शहर प्रसिद्ध नाही, त्यासाठी खुर्जा, जयपूर, मोरबी ही नावे आधी घेतली जातात. पण जुनी नक्षी नव्या भांड्यावर आणायला जे जे ज्ञान लागते, ते सगळे काशीच्या पंचक्रोशीत आणि तिच्या आसपास नांदते आहे. गायघाटाकडच्या गल्ल्यांत गुलाबी मीनाकारीचे कारागीर आहेत. विणकरांच्या मोहल्ल्यांत साडीचा नकाशा आखणारी नक्शाबंदांची परंपरा आहे. लंका भागात बनारस हिंदू विद्यापीठ आहे. तिथे १९२४ साली सिरॅमिकचे शिक्षण सुरू झाले, आणि तो विभाग आज आयआयटी (बीएचयू) मध्ये आहे. शिवाय साधारण ४० किलोमीटरवर चुनार आहे, तिथल्या झिलईच्या भांड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. इतकी जाणकार माणसे इतक्या जवळ असताना बनारसची म्हणून ओळखता येईल अशी ताटली का असू नये, असे मला मनापासून वाटते. ती घडवायची तर काय काय करावे लागेल, ते पायरीपायरीने पाहू.

१. कुल्हड आणि ताटली

बनारसमध्ये चहा कुल्हडातून मिळतो. चहा प्यायला की कुल्हड फेकायचा. त्याची माती साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंतच भाजलेली असते. एवढ्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांना चिकटतात, पण त्यांच्यामधल्या फटी उघड्याच राहतात. त्या फटींत चहा मुरतो. म्हणूनच चहाला मातीचा वास येतो आणि म्हणूनच कुल्हड धुऊन पुन्हा वापरता येत नाही.

पोर्सिलेनमध्ये, म्हणजे उत्तम प्रतीच्या चिनी मातीत, तीन पदार्थ असतात. पहिला केओलिन, ही पांढरी, लोहाचा अंश जवळजवळ नसलेली माती. दुसरा फेल्डस्पार नावाचा खनिज दगड आणि तिसरी गारगोटीची बारीक पूड. भट्टी १३०० ते १४०० अंशांपर्यंत गेली की फेल्डस्पार वितळतो, त्याची काच होते आणि ती सगळ्या फटी भरून काढते. केओलिनपासून सुईसारखे बारीक स्फटिक तयार होतात आणि या काचेला आतून बळकटी देतात. असे भांडे आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. पातळ ताटली उजेडासमोर धरून मागे बोटे फिरवा, बोटांची सावली दिसते.

फटी भरल्या की भांडे आकसते. १२ टक्के आकसणारी माती घेतली आणि तयार ताटली २७ सेंटीमीटरची हवी असेल, तर कच्ची ताटली किती मोठी करावी लागेल? २७ भागिले ०.८८, म्हणजे जवळजवळ ३०.७ सेंटीमीटर. कच्च्या मातीवर एखादे फूल कोरले, तर तेही याच प्रमाणात लहान होणार. नक्षीकाराला हा हिशेब हात लावण्याआधीच करावा लागतो.

इथे एक प्रश्न आपल्याकडच्या घरांत नेहमी निघतो. बोन चायनामध्ये खरोखर हाडे असतात का? असतात. पारंपरिक बोन चायनाच्या मिश्रणात जवळजवळ निम्मी गुरांच्या हाडांची राख असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोडच्या कारखान्यात हे मिश्रण बसवले गेले. राखेतल्या कॅल्शियम फॉस्फेटमुळे भांड्याला दुधाळ पांढरेपणा आणि मजबुती येते. साध्या पोर्सिलेनमध्ये हाडांची राख नसते. ज्यांना ती चालत नाही त्यांनी खरेदीच्या वेळी एवढा फरक विचारून घ्यावा. काशीतल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरासाठी ताटली करायची असेल, तर ती पोर्सिलेनचीच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्या जुन्या घरांतही कपबशी सोवळ्याला चालत नसे, पण लोणच्याच्या बरणीला मात्र फडताळात मानाची जागा असे. ती बरणीसुद्धा चिनी मातीच्याच कुळातली. गुजरातेत थानगढ-मोरबीकडे हा धंदा उभा करणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते. 'परशुराम पॉटरी' हे नाव आजही त्या भागात ठाऊक आहे.

२. भट्टीतला क्रम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चिनी मातीवरचा रंग भिंतीवरच्या रंगासारखा वाळून बसत नाही. तो धातूंच्या संयुगांचा असतो आणि विस्तवातच पक्का होतो. प्रत्येक रंगाची उष्णता सोसण्याची मर्यादा वेगळी, आणि सगळी गोष्ट तिथूनच ठरते.

फोडणी करताना तेल कडकडीत तापले की आधी मोहरी, ती तडतडली की जिरे, मग हिंग-हळद, आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. कोथिंबीर आधी टाकली तर ती करपते. ताटलीवरची नक्षीही याच क्रमाने चढते. सर्वांत कडक आच सोसणारा रंग आधी, नाजूक रंग नंतर आणि सोने शेवटी.

पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंशांची. ताटली कडक होते, पण अजून पाणी शोषते. तिच्यावर कोबाल्टचा रंग कुंचल्याने भरतात. ओला असताना तो मळकट, काळपट दिसतो. त्यावर झिलईचा, म्हणजे वितळून काच होणाऱ्या द्रावाचा थर देतात आणि ताटली १३०० अंशांच्या पुढच्या भट्टीत जाते. बाहेर येते तेव्हा मळकट रेघांची जागा गडद निळ्या रेघांनी घेतलेली असते आणि त्यांच्यावर काचेचा थर असतो. साबण, घासणी, सुरी यांतले काहीच त्या रेघेपर्यंत पोहोचत नाही. निळी वेल टिकते ती यामुळे.

एवढी आच सोसणारे रंग मोजकेच आहेत आणि त्यांत कोबाल्ट सर्वांत भरवशाचा. चौदाव्या शतकात चीनमधल्या जिंगदेझेन इथे निळ्या-पांढऱ्या भांड्यांची रेलचेल झाली, तेव्हा हा कोबाल्ट इराणातून जात असे. त्याच काळातल्या अशा भांड्यांचे तुकडे दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात सापडले आहेत. म्हणजे रंग इराणचा, माती चीनची आणि जेवणारा दिल्लीचा.

बाकीचे रंग, म्हणजे लाल, पिवळे, गुलाबी, झिलईच्या वर चढवतात. त्यांत लवकर वितळणारी काच मिसळलेली असते. ७५० ते ८५० अंशांच्या भट्टीत ती काच वितळून खालच्या झिलईला चिकटते. रंग पक्का बसतो, पण उघड्यावर राहतो. सोने त्याच्याही नंतर येते. चकचकीत सोनेरी काठाचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, किंवा त्याहून थोडाच जाड असतो. रोजच्या घासणीपुढे तो किती दिवस तग धरणार? शिवाय तो धातू असल्याने मायक्रोवेव्हमध्ये त्याच्यावर ठिणग्या उडतात.

दुकानात परीक्षा करायची तर ताटली तिरपी धरून उजेडात पाहा आणि नक्षीवरून नख हलकेच फिरवा. नखाला काहीच लागले नाही आणि सगळीकडे चकाकी सारखीच दिसली, तर नक्षी बहुधा झिलईखाली आहे. रेघ किंचित उंच लागली, चकाकी तिथे बदलली, तर ती वर आहे.

३. सोन्यातून निघणारा गुलाबी

बनारसची खरी ओळख पटवणारा रंग निळा नाही, गुलाबी आहे. गुलाबी मीनाकारीत चांदीच्या किंवा सोन्याच्या पत्र्यावर कोरून खळगे करतात, त्यांत पांढरा मीना भरून तो भाजतात, आणि त्या पांढऱ्यावर कुंचल्याने गुलाबी पाकळ्या रंगवून पुन्हा भाजतात. गुलाबी रंग चंदनाच्या तेलात कालवतात. कुंचल्याचे टोक अगदी बारीक असते. पाकळीच्या शेंड्याला रंग दाट आणि बुडाकडे विरळ होत होत पांढऱ्यात मिसळतो. ही उतरती छटा एका फटकाऱ्यात साधावी लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना भेट दिलेला बुद्धिबळाचा संच याच कामाचा होता.

मीना म्हणजे रंगीत काचेची पूड. झिलईवर चढवायचा रंग म्हणजेही लवकर वितळणारी रंगीत काच. चांदी ९६२ अंशांना वितळते, म्हणून मीनाकाराची भट्टी त्याच्या बरीच खाली ठेवावी लागते. चिनी मातीवरचे वरचे रंगही त्याच टप्प्यात भाजले जातात. दोन्हीकडे पांढऱ्या पृष्ठभागावर गुलाबी कुंचला फिरतो.

धातूवरून चिनी मातीवर असा रंगांचा प्रवास इतिहासात एकदा झालाही आहे. चीनचा कांगशी बादशहा धातूवरच्या युरोपीय मीनाकामाने भारावून गेला आणि त्याने बीजिंगच्या राजवाड्यात मीनाकारांची कार्यशाळा उभारली. आधी तांब्यावर काम झाले, मग तेच रंग पोर्सिलेनवर आले. १७२० च्या सुमारास चिनी भांड्यांवर जो गुलाबी फुलला, त्याने पुढची दोन शतके युरोपची टेबले सजवली.

तो गुलाबी सोन्यातून येई. सोने तीव्र आम्लांच्या मिश्रणात विरघळवायचे आणि त्यात कथिलाचे द्रावण घालायचे. खाली जांभळट पूड बसते. कासियस या जर्मन वैद्याच्या नावाने ती सतराव्या शतकापासून ओळखली जाते. काचेत तिचा अगदी लहानसा अंश मिसळला की गुलाबी रंग येतो. पिवळ्याधमक सोन्यातून गुलाबी कसा निघतो? सोन्याचे कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास बारीक झाले की ते उजेडातला हिरवा भाग शोषून घेतात, आणि डोळ्यापर्यंत तांबूस-गुलाबी पोहोचतो. रिचर्ड झिग्मोंडी या रसायनशास्त्रज्ञाने हे कण अभ्यासले. अशा बारीक कणांच्या द्रावणांवरच्या कामासाठी त्याला १९२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग गायघाटाचा मीना उचलून थेट ताटलीवर लावता येईल का? येणार नाही. तापलेली वस्तू निवताना आकसते आणि चांदी पोर्सिलेनच्या तिपटीहून अधिक आकसते. २७ सेंटीमीटर लांबीचा तुकडा ५०० अंशांपासून ३० अंशांपर्यंत निवला, तर चांदी सुमारे २.४ मिलिमीटर आकसेल आणि पोर्सिलेन जेमतेम ०.७. चांदीवरचा मीना चांदीच्या बेताने आकसेल असा बनवलेला असतो. तो पोर्सिलेनवर लावला, तर निवताना त्याला आकसायचे असते आणि खालची माती आकसू देत नाही. परिणामी त्याला बारीक तडे जातात. काचेतले घटक बदलून हा मेळ बसवणे हे सिरॅमिक प्रयोगशाळेचे काम. कुंचल्याचा हात मीनाकाराचा आणि काचेचे गणित विद्यापीठाचे. हे दोघे एकाच शहरात असणे केवढे भाग्याचे आहे!

४. सरळ काठ, गोल ताटली

दुसरी जुनी नक्षी साडीची. बेल, बुटी, जंगला, कोनिया ही नावे बनारसी साडी नेसणाऱ्या बायकांना तोंडपाठ असतात. साडीच्या काठाचा फोटो काढून तो ताटलीच्या कडेला चिकटवला की झाले, असे कुणालाही वाटेल. ते का जमत नाही, ते आकड्यांत पाहू.

ताटलीच्या कडेला अडीच सेंटीमीटर रुंदीची पट्टी घ्या. तिच्या बाहेरच्या वर्तुळाचा व्यास २६ सेंटीमीटर, आतल्याचा २१. बाहेरचा परीघ सुमारे ८१.७ सेंटीमीटर आणि आतला ६६. म्हणजे पट्टीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जवळजवळ २४ टक्के लांब आहे. साडीच्या काठाच्या दोन्ही कडा सारख्याच लांबीच्या असतात. तो वाकवला तर बाहेरच्या पाकळ्या ताणल्या जातात आणि आतल्या एकमेकींत घुसतात.

फुलांची संख्याही जुळवावी लागते. पट्टीच्या मधोमध, २३.५ सेंटीमीटर व्यासावर, परीघ ७३.८ येतो. फूल ५ सेंटीमीटरचे असेल तर १४.८ फुले मावतील. पाऊण फूल काढता येत नाही. तेव्हा १५ फुले घ्यायची आणि प्रत्येक ४.९ सेंटीमीटरचे करायचे. लहान ताटलीला हाच हिशेब नव्याने, वाटीला आणखी वेगळा.

नक्शाबंदाला हे नवे वाटणार नाही. साडीवरची वेल चौकटी-चौकटींच्या जाळ्यावर बसवायची असते, कारण ताणा आणि बाणा काटकोनातच चालतात. दोन काठ जिथे भेटतात तो कोपरा सुना दिसू नये म्हणून तिथे कोनिया येतो. ताटलीला कोपरा नाही, म्हणून कोनियाला तिथे काम उरत नाही. पण गोलाईमुळे एक नवी सोय मिळते. पाकळ्या बाहेरच्या कडेला उमलत्या काढल्या तर वाढलेली जागा त्यांना आपसूक लागते. कमळ या बाबतीत आंब्याच्या कोयरीपेक्षा कितीतरी सोयीचे, कारण ते मुळातच वर रुंद आणि खाली निमुळते असते.

५. जुने किती घ्यायचे

इथपर्यंत हिशेब होता, यापुढे नजर लागते. जुनी नक्षी जशीच्या तशी छापली की ताटली वस्तुसंग्रहालयाच्या दुकानातली आठवणवस्तू होते. घाटांचे फोटो छापलेले मग बनारसमध्ये ढिगाने मिळतात. त्यांत ना मीनाकाराचा हात दिसतो ना विणकराची नजर.

डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगन कारखान्याचे उदाहरण मला फार आवडते. १७७५ साली सुरू झालेल्या या कारखान्याची पहिली नक्षी म्हणजे चिनी धाटणीची बारीक निळी फुले, सगळ्या ताटलीभर आणि हाताने रंगवलेली. सव्वादोनशे वर्षांनी, २००० साली, कारेन केल्गोर-लार्सन या तरुण डिझायनरने त्याच नक्षीतला एक तुकडा उचलला, तो कितीतरी पट मोठा केला आणि ताटलीच्या एका बाजूला बसवला. उरलेली ताटली पांढरी ठेवली. फूल तेच, निळा तोच, कुंचला चालवणारे हातही त्याच परंपरेतले. बदलले ते आकारमान आणि रिकामी जागा. ओळखीची नक्षी त्यामुळे ताजी वाटली आणि तो संच खूप लोकप्रिय झाला.

आपल्याकडेही असे प्रयोग झाले आहेत. १८७० च्या दशकात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची कार्यशाळा चालवली. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थी त्या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करत होते. त्यांतल्या आकृती आणि वेलबुट्ट्या तिथल्या कलश-फुलदाण्यांवर उतरल्या. ती भांडी पोर्सिलेनची नव्हती, झिलईच्या मातीची होती, आणि बहुतेक शोभेसाठीच होती. अजिंठ्याची कमळे त्यांवर सुंदर दिसतात, पण त्या फुलदाण्या कोणाच्या जेवणात आल्या नाहीत.

जवळचे उदाहरण जून २०२२ चे. जर्मनीतल्या जी-७ परिषदेत ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना बुलंदशहर जिल्ह्यातला चहाचा संच भेट देण्यात आला. खुर्जा याच जिल्ह्यात आहे. संचाची भांडी हाताने रंगवून १२०० अंशांवर भाजली होती. नक्षीच्या उंच रेघा मेंदीच्या कोनाने काढल्या, त्या वेगळ्या भाजल्या आणि त्यांना प्लॅटिनमची झळाळी दिली. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला ७० वर्षे झाल्याचे, म्हणजे प्लॅटिनम महोत्सवाचे, ते निमित्त होते. चांदी हवेत काळवंडते, प्लॅटिनम काळवंडत नाही. तळहातावर मेंदी काढणाऱ्या साध्या कोनाने विलायती चहाच्या संचाला आपल्या मातीची ओळख दिली, ही गोष्ट मला प्लॅटिनमपेक्षा मोलाची वाटते.

६. छापील नक्षी आणि आंबट पदार्थ

प्रत्येक ताटली हाताने रंगवली तर ती महाग पडणारच. छापील नक्षीचा मार्ग अठराव्या शतकातच निघाला. लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांनी १७५६ साली सहा तासांत १२०० हून जास्त फरशांवर चित्रे छापून दाखवली. आज नक्षी खास कागदावर छापतात, कागद पाण्यात भिजवला की ती सुटून घसरते, ताटलीवर बसवतात आणि भट्टीत तिच्यावरचा पातळ पापुद्रा जळून जातो. यात कमीपणा काहीच नाही. वेलीची बाह्यरेषा छापील ठेवावी आणि पाकळीची उतरती छटा मीनाकाराच्या हाताने भरावी, असा मेळ घातला तर किंमतही आवाक्यात राहील आणि कारागिराचे कामही.

आता ही ताटली जेवायला घेऊ. झिलईवरच्या रंगांतली काच लवकर वितळावी म्हणून पूर्वी शिसे सर्रास वापरत, आणि भडक लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असे. चिंचेचे सार, कैरीचे पन्हे, लिंबाचे लोणचे अशा आंबट पदार्थांत हे धातू उतरू शकतात. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकानुसार भांड्यात ४ टक्के अॅसिटिक आम्ल भरून ते २२ अंशांच्या आसपास २४ तास ठेवतात आणि त्यात किती शिसे, किती कॅडमियम उतरले ते मोजतात. आजीच्या काळातली रंगीबेरंगी वाटी घरात असेल तर ती शोकेसमध्ये ठेवावी, तिच्यात लोणचे ठेवू नये. नव्या भांड्यावर शिसे आणि कॅडमियम नसल्याची खात्री लिहिलेली आहे का, ते पाहून घ्यावे.

नक्षी कुठे ठेवायची, याचेही उत्तर यातूनच मिळते. ताटलीच्या मधल्या भागात आमटी-भात येणार, चमचा आणि सुरी घासणार. तिथे एक तर काही नको, किंवा झिलईखालची निळी बुटी हवी. गुलाबी कमळ झिलईवरचे, म्हणून त्याची जागा कडेच्या पट्टीवर. वर काढलेली १५ फुले तिथेच बसतात. कपाच्या बाबतीत मानक आणखी काटेकोर आहे. बाहेरच्या बाजूने वरच्या काठापासून २० मिलिमीटरचा पट्टा ओठांना लागतो असे धरून त्याची वेगळी तपासणी होते. कपावरचे कमळ त्या पट्ट्याच्या खाली काढायचे, आणि बशीवरचे कपाचा तळ जिथे टेकतो त्या खोलगट वर्तुळाच्या बाहेर.